विचारा कॅप्टनला : ‘बरं नाहीये’ म्हणायला पायलट का घाबरतात?

गेल्या अंकात पायलटच्या ड्युटी टाइमवर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की थकलेला पायलट एकवेळ परवडला पण घाबरलेला नको. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळी दुसरा विषयच घेत नाहीये. बरीचशी पत्रं पायलटच्या घरच्यांची आहेत, काही प्रवाशांची. पायलट मंडळींनीही लिहिलंय पण नाव एकानेही दिलेलं नाही, त्यातच काय ते समजा. मीही कुणाचं नाव छापत नाहीये, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न : माझा मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. मागच्या महिन्यात सर्दीने त्याच्या कानाला दडे बसले होते, अंगात कणकण होती, तरी पहाटेच्या फ्लाइटला गेला. मी ओरडले तर म्हणाला, आई या तीन महिन्यांत दोनदा सिक टाकलाय, म्हणजे आजारी असल्याचं कळवलंय, तिसऱ्यांदा टाकला की ऑफिसमधून फोन येतो. आजारी माणसाला फोन कसला करतात हे? मी काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी कानाचं सांगतो कारण ते जास्त तातडीचं आहे. विमान खाली यायला लागलं की केबिनमधलं हवेचं प्रेशर वाढत जातं आणि सर्दीने नाकातून कानाकडे जाणारी नळी बंद असेल तर ते कानाच्या आतल्या बाजूला पोचत नाही, मग पडद्यावर असा ताण येतो की माणूस कळवळतो, कधी पडदा फाटतो, कधी चक्कर येते, आणि हे सगळं नेमकं लँडिंगच्या आधीच्या वीस मिनिटांत, जेव्हा डोकं सगळ्यात शांत पाहिजे. अनफिट असताना उडायचं नाही ही जबाबदारी नियमाने त्याची स्वतःची आहे, कंपनीने हो म्हटलं तरी.

आता फोनचं. तुम्हाला वाटत असेल कोणीतरी दमदाटी करत असेल, तसं क्वचितच होतं. फोन अगदी गोड असतो. काय रे, बरा आहेस ना, नाही म्हणजे तुझे सिक जरा जास्त दिसतायत म्हणून विचारलं. बस एवढंच. मग पुढच्या महिन्याचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता येतो त्यात सगळे पहाटे तीनचे पिकअप, मागितलेली सुट्टी नाही, कमांड अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन व्हायच्या यादीत नाव खाली सरकलेलं. लेखी कुठेच काही नसतं त्यामुळे तक्रार कशाची करणार? आणि ज्याच्या ट्रेनिंगसाठी घरावर कर्ज काढलंय तो पोरगा फार विचार न करता दोन गोळ्या घेतो आणि युनिफॉर्म चढवतो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. २०२० मध्ये युरोपातल्या विझ एअर कंपनीच्या एका मीटिंगचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. कोविडमुळे २५० पायलट कमी करायचे होते, तर त्यात बेस कॅप्टन मंडळींना, म्हणजे एकेका ठिकाणच्या पायलटच्या प्रमुखांना, सांगितलं जातंय की आधी ‘बॅड ॲपल्स’ काढा, आणि त्या नासक्या फळांमध्ये वारंवार सिक टाकणारेही धरलेले. एकदा हे ऐकलं की उरलेले पायलट पुढच्या वेळी ताप आला तर काय करतील?

२००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर आजारी होती, रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून ड्युटीवर आली होती, पगार अगदीच तुटपुंजा. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते की सिक टाकला तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च माझ्याच बोकांडी. अपघात काही तिच्या सर्दीने झाला नाही, स्टॉलच्या वेळी, म्हणजे वेग कमी पडून पंख विमान तोलेनासे झाले तेव्हा, कॅप्टनने नेमकी उलटी कृती केली. पण ती त्या रात्री तिथे नसायलाच हवी होती.

तुम्ही एवढंच करा की त्याला ओरडू नका, घरी तरी खरं बोलायला जागा राहू दे. त्याला सांगा प्रत्येक सिक डॉक्टरच्या सर्टिफिकेटसकट मेलवर टाक आणि ऑफिसचा फोन आला तर त्याच दिवशी “आपलं असं बोलणं झालं” म्हणून दोन ओळींचा मेल पाठव. लेखी मेल गेला की गोड फोन बरेचदा आपोआप कमी होतात.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुणे एअरपोर्टवर मी बायकामुलांसह रात्रभर जमिनीवर बसलो होतो, कारण काय तर पायलट नाहीत. लाखांत पगार घ्यायचा आणि वर आराम पाहिजे म्हणायचं. तुम्ही तुमच्या बिरादरीची बाजू घेणार हे माहीतच आहे.
— संतप्त प्रवासी, पुणे

उत्तर : घेणारच! पण राग चुकीच्या माणसावर निघतोय. पायलटच्या विश्रांतीचे नवीन नियम डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीच्या वेळात जास्तीत जास्त लँडिंग सहावरून दोन. कंपन्यांनी ते लांबवले, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, मग २०२५ मध्ये १ जुलै आणि १ नोव्हेंबर असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीला दीड वर्षाच्या वर मिळालं, आणि डिसेंबर उजाडला तेव्हा इंडिगोकडे नव्या नियमात बसतील एवढे पायलट नव्हते, एका दिवसात हजारावर फ्लाइट रद्द झाल्या. आणि सूट कुणाला मिळाली? कंपनीलाच, रात्रीच्या ड्युटीच्या नियमातून, फेब्रुवारी २०२६ पर्यंत.

नागपूर एअरपोर्टवर ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याची फ्लाइट घेऊन निघालेला एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. कारण काय ते डॉक्टरांचं काम, मी त्यावर बोलणार नाही, पण थकव्यावर उघड चर्चा त्यानंतर वाढली एवढं खरं. त्याच नव्या नियमांत आणखी एक कलम आहे ज्याकडे कुणाचं लक्ष नाही, की पायलटने दिलेल्या फटीग रिपोर्टचं, म्हणजे ‘मी थकलोय’ अशा लेखी रिपोर्टचं, काय केलं ते कंपनीने दर तीन महिन्यांनी डीजीसीएला कळवायचं आणि रिपोर्ट देणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा करायची नाही. माझ्या मते ४८ तासांपेक्षा हे कलम मोठं आहे, अर्थात कंपनीने पाळलं तर.

प्रश्न : कोळीकोडच्या अपघाताचा रिपोर्ट आला तेव्हा पेपरात एका ओळीत ‘पायलटची चूक’ असं छापून आलं. आमच्या नागपूरच्या माणसाबद्दल ते वाचून वाईट वाटलं. एवढा अनुभवी माणूस, एअर फोर्सचा टेस्ट पायलट, तो असं का करेल? वरून प्रेशर होतं का?
— नागपूर

उत्तर : याचं उत्तर मोठं आहे, आणि ‘वरून प्रेशर होतं’ असं एका वाक्यात मी म्हणणार नाही कारण कुणी धमकी दिली असं रिपोर्टमध्ये कुठेही नाही.

७ ऑगस्ट २०२०. कोविडमध्ये परदेशी अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची दुबई–कोळीकोड फ्लाइट, एअर इंडिया एक्सप्रेस, विमानात १९० जण. डोंगरमाथा सपाट करून बांधलेला टेबलटॉप रनवे, धो धो पाऊस. पहिला प्रयत्न कॅप्टन साठेंनी, म्हणजे तुमच्या नागपूरच्या माणसाने, सोडून दिला, त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. मग उलट्या दिशेने रनवे १० वर आले, पाठीमागून वारा. आणि विमान टेकलं कुठे तर ८,८५८ फुटांच्या रनवेवर ४,४३८ फूट आत, म्हणजे निम्मा रनवे संपल्यावर. त्याआधी शेजारच्या फर्स्ट ऑफिसरने ‘गो अराउंड’ म्हटलेलं, म्हणजे सोडा, परत वर चला. ते झालं नाही. विमान टोकावरून खाली गेलं, दोन्ही पायलटसकट २१ माणसं गेली.

कॅप्टनने नियम सोडून लँडिंग चालू ठेवलं हे रिपोर्टने मुख्य कारण धरलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. औषधांचा मुद्दाही त्यात आहे. पण त्याच रिपोर्टमध्ये पुढे वाचलं तर दुसऱ्या दिवशी सकाळची कोळीकोडहून दोहाची फ्लाइट त्यांच्याच नावावर होती आणि बेसवर कॅप्टनची टंचाई होती. विमान दुसरीकडे डायव्हर्ट केलं असतं तर ड्युटी टाइम आणि विश्रांतीच्या हिशोबात ती सकाळची फ्लाइट लटकली असती. रिपोर्ट म्हणतो की वेळेत कोळीकोडलाच परतायची ही ओढ त्या रात्रीच्या निर्णयांत होती.

आता सांगा, यात धमकी देणारा कोण? कुणीच नाही. रोस्टर बनवणारा आपल्या परीने एक चौकट भरत होता. पण एका माणसाच्या डायव्हर्ट करण्याने उद्याची अख्खी फ्लाइट पडणार असेल, तर तो चौकटीतला आकडा कॉकपिटमध्ये येऊन बसतो. चांगल्या, कर्तव्यदक्ष माणसाला तो जास्त छळतो, कामचुकाराला काय फरक पडतो? पायलटच्या डोक्यावरचं ओझं म्हणजे ओरडणारा साहेब एवढंच चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं म्हणून ही असली ओझी आपल्याला दिसत नाहीत.

आणि ते ‘गो अराउंड’. त्याच कंपनीचं विमान २२ मे २०१० ला मंगळूरला पडलं, तोही टेबलटॉप, १५८ माणसं गेली. तिथेही फर्स्ट ऑफिसर गो अराउंड म्हणत होता, एकदा नाही तीनदा. तिथेही कंट्रोल हातात घेतला नाही. दहा वर्षांच्या अंतराने दोन कॉकपिटमध्ये ज्युनिअर माणसाला धोका दिसला, त्याने तोंडाने सांगितलं आणि हात मात्र पुढे गेला नाही. कागदावर त्याला तो अधिकार आहे. पण कॅप्टनच्या हातातून विमान घेतल्यावर उद्या ऑफिसात काय होईल, आपलं कन्फर्मेशन राहील का, आपल्याला ‘ओव्हरस्मार्ट’ म्हणतील का, हा विचार त्या दोन सेकंदांत करायची गरजच पडत नाही, तो आधीच अंगात मुरलेला असतो. त्या दोघांच्या मनात नेमकं काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही, मी सर्वसाधारण फर्स्ट ऑफिसरबद्दल बोलतोय, अशांच्या शेजारी मी बरीच वर्षं बसलोय.

प्रश्न : मी एसटीत डेपोला होतो, रिटायर झालो. आमच्याकडे मेमो दिला की दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर सुटायची. शिक्षेची भीती नसेल तर शिस्त राहत नाही. पायलटला काय सोनं लागलंय?
— सांगली

उत्तर : काका, मेमोने गाडी वेळेवर सुटते हे शंभर टक्के मान्य. पण समजा ड्रायव्हरने लॉगशीटवर लिहिलं की ब्रेक लागतो पण उशिरा लागतो, आणि गाडी वर्कशॉपला गेल्यामुळे फेरी रद्द झाली म्हणून मेमो त्यालाच मिळाला, तर पुढच्या वेळी तो लिहील का? गाडी वेळेवर सुटेल, अगदी घाटापर्यंत वेळेवर जाईल.

विमानात हा प्रश्न सुटला तो एका फार वाईट घटनेनंतर. १ डिसेंबर १९७४, वॉशिंग्टनजवळ डलेस एअरपोर्टला उतरणारं टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली, एकही वाचलं नाही. चौकशीत काय निघालं तर कंट्रोलरच्या परवानगीचा आणि नकाशाचा अर्थ लावण्यात गोंधळ झाला आणि विमान लवकर खाली आलं. नेमका तोच गोंधळ त्याआधी सहा आठवडे युनायटेड या दुसऱ्या कंपनीच्या एका विमानाचा झाला होता, ते थोडक्यात वाचलं. युनायटेडमध्ये तेव्हा चूक सांगितली तर शिक्षा नाही अशी सोय होती म्हणून त्या पायलटनी सांगितलं आणि कंपनीने आपल्या सगळ्या पायलटना सावध केलं. पण फक्त आपल्याच. टीडब्ल्यूएच्या कॉकपिटपर्यंत ती गोष्ट पोचायला रस्ताच नव्हता.

मग अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याने, स्वतः रिपोर्ट गोळा करायचे ठरवले, तर पायलट विश्वास ठेवेनात. साहजिक आहे, ज्याच्या हातात लायसन्स रद्द करायचा अधिकार त्याच्याकडे आपली चूक कोण सांगेल? म्हणून १९७६ मध्ये ते काम नासाकडे दिलं, ज्यांच्याकडे शिक्षा करायचा अधिकारच नाही. रिपोर्ट आला की नाव काढून टाकतात. दहा दिवसांच्या आत स्वतःहून कळवलं आणि मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर दंड किंवा सस्पेन्शन टळतं.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. दारू पिऊन आला, मुद्दाम नियम तोडला, खोटं लिहिलं, तर लायसन्स गेलंच पाहिजे, तिथे मी तुमच्यासोबत आहे. पण प्रामाणिक चुकीला मेमो दिला की माणूस चुका थांबवत नाही, लपवायला शिकतो.

आणखी एक आतली गोष्ट सांगतो. प्रत्येक फ्लाइटचा डेटा रेकॉर्ड होतो, लँडिंग किती जोरात झालं त्याचा आकडाही. काही ठिकाणी तो आकडा वर गेला की लगेच ऑफिसला या, करेक्टिव्ह ट्रेनिंग, चार दिवस ऑफ-रोस्टर. परिणाम काय होतो? पायलट मऊ उतरवायला बघतो. मऊ उतरवायचं म्हणजे विमान रनवेवर तरंगत ठेवायचं, आणि ओल्या रनवेवर तेच सगळ्यात घातक, पावसात विमान वेळेवर आणि जरा ठोकूनच टेकवायचं असतं, चाकांना पकड मिळावी म्हणून. (प्रवासी नंतर दारात ‘काय राव, खड्ड्यातून आणलं’ म्हणतात ते वेगळं, पुढच्या वेळी पावसात दणका बसला तर पायलटला थँक्यू म्हणा.) एका आकड्याच्या भीतीने दुसरा, मोठा धोका तयार होतो तो असा.

प्रश्न : इथे अमेरिकेत कंपनीतली गडबड उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारे व्हिसलब्लोअर कायदे आहेत, युनियन तगड्या आहेत. हे सगळं भारतासारख्या ठिकाणीच होत असणार ना?
— न्यू जर्सी

उत्तर : कायदा आहे आणि त्याचा उपयोगही होतो, पण किती उशिरा ते बघा. कार्लीन पेटिट नावाच्या डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीच्या पायलट. विमान सुरक्षा या विषयात पीएचडी करत होत्या. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी कंपनीच्या फ्लाइट ऑपरेशन्सच्या वरिष्ठांना भेटून चाळीसहून जास्त पानांचा रिपोर्ट दिला की ट्रेनिंग, थकवा, सेफ्टी मॅनेजमेंट यात कुठे कुठे गडबड आहे. थोड्याच दिवसांत त्यांना मानसिक तपासणीला पाठवलं गेलं. कंपनीने निवडलेल्या डॉक्टरने बायपोलर असं निदान लिहिलं, म्हणजे करिअर संपलंच. मग मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की असलं काही नाही.

मग पेटिटबाई कामगार खात्याच्या न्यायाधीशांपुढे गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पाच लाख डॉलरची भरपाई, आणि न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं की मानसिक तपासणीची ही प्रक्रिया पायलटना मुकाट्याने ऐकायला लावण्यासाठी हत्यारासारखी वापरणं गैर आहे. अपील वगैरे होऊन प्रकरण मिटलं २०२२ मध्ये. रिपोर्ट दिल्यापासून सहा वर्षांच्या वर. आणि ज्या वरिष्ठांना तो रिपोर्ट दिला होता त्यांच्यातले एक, स्टीव्ह डिक्सन, २०१९ मध्ये थेट एफएएचे प्रमुख झाले होते.

बाई जिंकल्या, चांगलंच झालं. पण त्या सहा वर्षांत बाकीचे हजारो पायलट हे बघत होते. त्यातल्या कितीजणांनी आपला रिपोर्ट ड्राफ्टमध्येच ठेवला असेल ते कुठल्याही चौकशीत निघणार नाही. त्यामुळे रिपोर्ट कमी येतात म्हणजे आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं एखादी कंपनी सांगते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

प्रश्न : कॅप्टन म्हणजे विमानाचा राजा ना? मग मालकाचं ऐकायची त्याला काय गरज?
— बेळगाव

उत्तर : डिसेंबर २०१४, न्यूयॉर्कचं जेएफके. कोरियन एअरचं विमान गेटवरून निघालं होतं आणि फर्स्ट क्लासमध्ये चेअरमनची मुलगी, जी स्वतः व्हाइस प्रेसिडेंट होती, तिला मॅकाडेमिया नट्स वाटीऐवजी पाकिटात दिले म्हणून तिने तमाशा केला आणि हेड पर्सरला, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाला, उतरवायला विमान परत फिरवायला लावलं. राजेसाहेबांनी फिरवलं! नंतर तिला अटक झाली, शिक्षा झाली, अपिलात ती स्थगित होऊन सुटली. चौकशीत खोटं सांगायला क्रूवर दबाव आणला हेही बाहेर आलं. नियमाने कॅप्टनच सर्वेसर्वा आहे हो, पण पगाराच्या स्लिपवर सही दुसऱ्याची असते.

प्रश्न : मी बारामतीला फ्लाइंग करतोय, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) होत आलंय. कुठली कंपनी चांगली हे बाहेरून कसं ओळखायचं? सगळ्यांच्या वेबसाइटवर ‘सेफ्टी फर्स्ट’ लिहिलंय.
— बारामती

उत्तर : वेबसाइट सोड. त्या कंपनीतला दोन-तीन वर्षं झालेला फर्स्ट ऑफिसर गाठ, चहा पाज आणि विचार की शेवटचा डायव्हर्ट केलास तेव्हा दुसऱ्या दिवशी फोन कुणाचा आला आणि पहिलं वाक्य काय होतं. ‘सगळे ठीक ना’ असेल तर एक, ‘का केलंत’ असेल तर दुसरं. एक्स्ट्रा फ्युएल घेतलं तर लेखी कारण मागतात का, गो अराउंडवर खुलासा द्यावा लागतो का, लँडिंगचे आकडे नावासकट कोण कोण बघतं, फटीग रिपोर्ट दिला तर उत्तर येतं का की हवेत विरतं, हे विचार. चीफ पायलट स्वतः पहाटेच्या फ्लाइट करतो का तेही विचार, त्यावरून बरंच कळतं. आणि तो फर्स्ट ऑफिसर उत्तर देण्याआधी आजूबाजूला बघायला लागला तर चहाचे पैसे देऊन ऊठ.

एवढं करूनही चांगली कंपनी मिळेलच असं नाही, जागा कमी आणि पोरं जास्त, जी मिळेल ती घ्यावी लागते हे मलाही माहितीये. मग निदान सही करण्याआधी बाँडचे, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायच्या कराराचे, कागद वकिलाला दाखव. २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला एक वर्षाची, त्यावर बाँडची रक्कम किती, ती दरवर्षी कमी होत जाते का, कंपनीनेच काढलं तर कोण भरणार, हे सगळं आधी कळू दे. आणि कॅप्टनला ‘गो अराउंड’ म्हणायचं ते सिम्युलेटरमध्येच मोठ्याने म्हणायची सवय लाव, तिथे पुटपुटलास तर विमानात तोंडच उघडणार नाही.

पुढच्या अंकात मेडिकलचे प्रश्न घेतोय, चष्मा, शुगर, बीपी, बऱ्याच जणांनी विचारलंय. पत्रं २० तारखेच्या आत पाठवा.